वाचकांचे प्रश्न : रॅक सर्व्हरच्या आतली केबल सोडवताना

या अंकासाठी निवडलेली पाचही पत्रे खान्देशातून आलेली आहेत आणि पाचही पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. अमळनेरच्या वाचकांचा प्रश्न सर्वांत सविस्तर असल्यामुळे त्याचे उत्तर आधी व विस्ताराने दिले आहे. इतर वाचकांनीही ते वाचावे, कारण त्यांच्या उत्तरांत तीच माहिती पुन्हा दिलेली नाही.

प्रश्न (अमळनेर) : आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात २ यू (यू हे रॅकमधली उंची मोजण्याचे माप) उंचीचा रॅक सर्व्हर, म्हणजे धातूच्या चौकटीत आडवा बसणारा सर्व्हर असून तो ८ वर्षे जुना आहे. त्यातल्या ८ हार्ड डिस्कपैकी ४ डिस्क अधूनमधून एकदम दिसेनाशा होतात आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला की दिसू लागतात. रेड (RAID) कार्डापासून, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डापासून, डिस्कच्या मागच्या बॅकप्लेनपर्यंत (डिस्क ज्यात बसतात त्या बोर्डापर्यंत) जाणारी केबल खराब झाली असावी, असे फोनवर सांगण्यात आले, म्हणून मी नवी केबल मागवली. गेल्या रविवारी सर्व्हर बंद करून झाकण उघडले, परंतु जुनी केबल कार्डातून निघेना. थोडा जोर लावला तर कार्डच वाकू लागले, म्हणून काम सोडून दिले. तंत्रज्ञ नाशिकहून बोलवावा लागतो. हे काम मी स्वतः करावे का, आणि करायचे असल्यास कसे करावे?

उत्तर : कार्ड वाकताना दिसताच आपण हात काढून घेतलात, हे फार चांगले झाले. आपली केबल अडकलेली नाही, तिला खटका लावलेला आहे. मोबाइलच्या चार्जरची पिन नुसत्या घट्टपणाने बसते, म्हणून ती ओढली की निघते. सर्व्हरच्या आत मात्र पंखे रात्रंदिवस वेगाने फिरत असतात आणि त्यांच्या कंपनाने जोड हळूहळू बाहेर सरकू नयेत, म्हणून बहुतेक प्रत्येक जोडाला धातूचा किंवा प्लास्टिकचा खटका दिलेला असतो. त्या खटक्याचे बारीक दात सॉकेटच्या खाचेत अडकलेले असतात आणि केबल जितक्या जोराने ओढावी तितके ते खाचेत घट्ट रुततात. पावसाळ्यात दार फुगले की कडी नुसती ओढून सरकत नाही, दार आधी चौकटीकडे दाबून धरावे लागते आणि मग कडी बोटाने निघते. येथे नेमके तेच करायचे आहे.

आपले निदान बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. मिनी सॅस (सर्व्हरमधल्या डिस्क जोडण्याचा एक प्रकार) प्रकारच्या एका केबलमधून ४ लेन, म्हणजे माहितीच्या ४ वाटा जातात, म्हणजे साध्या बॅकप्लेनवर एका केबलवर ४ डिस्क चालतात. एकच डिस्क गायब होत असेल तर दोष त्या डिस्कचा किंवा तिच्या खाचेचा असू शकतो, पण ४ डिस्क एकदम जातात आणि एकदम परत येतात, तेव्हा प्रथम केबलकडेच बोट दाखवावे लागते. हे काम आपण स्वतः करावे, असे माझे मत आहे, मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. सर्व्हर हमीच्या किंवा वार्षिक देखभालीच्या करारात नसावा आणि आदल्या संध्याकाळचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून तपासलेला असावा. बॅकअप घेतला आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्यातले दोन खातेदारांचे उतारे प्रत्यक्ष उघडून पाहावेत. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. पतसंस्थेच्या सर्व्हरचे असले काम मार्चच्या अखेरच्या पंधरवड्यात मुळीच काढू नये. केबल हाताशी असली तरी ३१ मार्चचे हिशेब पूर्ण होईपर्यंत थांबावे, आणि तोवर दोष वाढला तर तंत्रज्ञालाच बोलवावे.

आता वीज बंद करण्याविषयी. सर्व्हर नेहमीच्या पद्धतीने शटडाउन करावा आणि तो पूर्ण बंद होईपर्यंत वाट पाहावी, कारण रेड कार्डाच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठवणीत) साठलेला मजकूर त्याच वेळी डिस्कवर उतरतो. आपल्याकडे वीज अचानक जाते आणि कधी यूपीएसही साथ सोडतो. सर्व्हर अशा रीतीने बंद पडलेला असेल तर ‘आता बंदच आहे, तर उघडून टाकू’ असा विचार करू नये. त्या वेळी कॅशमधला न लिहिलेला मजकूर बॅटरीच्या किंवा मोठ्या कपॅसिटरच्या आधारावर टिकून असतो. सर्व्हर आधी सुरू करावा, तो मजकूर डिस्कवर जाऊ द्यावा, मग रीतसर बंद करावा आणि त्यानंतरच झाकणाला हात लावावा.

बंद केलेल्या सर्व्हरमध्येही वीज असते, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पॉवर कॉर्ड जोडलेली असेपर्यंत मदरबोर्डला स्टँडबाय वीज मिळत राहते आणि तिच्यावर दूरस्थ देखरेखीची चिप जागी असते. बोर्डावरचा एखादा बारीक दिवा चालू दिसतो तो यामुळेच. आपल्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील, आणि बहुधा एकाची कॉर्ड यूपीएसला व दुसऱ्याची थेट भिंतीतल्या सॉकेटला जात असेल. दोन्ही कॉर्ड सर्व्हरच्या मागून काढाव्यात. भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. कॉर्ड निघाल्यावर समोरचे पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये उरलेला भार निघून जातो. बोर्डावरचे सगळे दिवे विझल्याची खात्री करावी आणि मग दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण प्रोसेसरवरचे हीटसिंक (उष्णता शोषून घेणारे धातूचे भाग) चांगलेच तापलेले असतात आणि केबलपर्यंत जाणारा हात नेमका त्यांच्या शेजारून जातो.

सर्व्हर रेलवरून बाहेर ओढताना एका वेळी एकच ओढावा. दोन सर्व्हर एकाच वेळी बाहेर आले तर जमिनीला न बांधलेला रॅक पुढे झुकतो. १ यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, म्हणजे आपला सर्व्हर उंचीने नऊ सेंटिमीटरही नाही, पण डिस्क भरलेल्या अशा सर्व्हरचे वजन २५ किलोच्या वर सहज जाते. तो रेलवरून उचलून टेबलावर न्यायचा असेल तर दोघांनी मिळून उचलावा. मागच्या नेटवर्क केबल ताणल्या जात असतील तर त्या आधी काढाव्यात आणि प्रत्येकीला चिकटपट्टी लावून तिच्या जागेचा क्रमांक लिहावा.

झाकण निघाल्यावर प्रथम मोबाइलने फोटो काढावेत, एक वरून, एक केबलच्या दोन्ही टोकांचा आणि एक तिच्या वाटेचा. कार्डाजवळची केबल बॅकप्लेनवर ‘ए’ खाचेत जाते की ‘बी’ खाचेत, हे फोटोत स्पष्ट दिसले पाहिजे. त्यानंतर प्रोसेसरवरचे प्लास्टिकचे हवेचे आवरण सरळ वर उचलून काढावे. बऱ्याचदा केबल न निघण्याचे अर्धे कारण हे आवरणच असते, कारण त्याखाली बोट जायला जागा उरत नाही आणि मग माणूस दिसेल तिथे धरून ओढू लागतो. डेल आणि लेनोव्होच्या सर्व्हरमध्ये निळा रंग म्हणजे हात लावून भाग सोडवण्याची जागा, हे लक्षात ठेवावे. नारिंगी खूण चालू अवस्थेत काढता येणाऱ्या भागांना असते, त्या खुणेचा आणि आतल्या केबलचा संबंध नाही.

आता प्रत्यक्ष केबल. उजेड भरपूर हवा. आपल्याकडे रात्री पिकाला पाणी भरायला जाताना शेतकरी डोक्याला बांधतात तो टॉर्च या कामाला उत्तम, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. केबल कार्डात जिथे शिरते तिथे, तिच्या जाड भागाच्या एका बाजूला धातूची चपटी पाती दिसेल. ८०८७ जातीच्या मिनी सॅस जोडाला ती असतेच. नव्या ८६४३ जोडाला तशीच पाती किंवा ओढायची पट्टी असते. पाती कार्डाच्या दुसऱ्या अंगाला वळलेली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी मोबाइलचा कॅमेरा त्या फटीत धरून पाहावे, अंदाजाने बोट घालू नये.

पाती सापडली की डाव्या हाताने कार्डाची कड, सुटे भाग नसलेल्या जागी, आधार देऊन धरावी. उजव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने जोडाचा कडक भाग पकडावा, वायर पकडू नये. मग आधी जोड सॉकेटच्या दिशेने केसभर आत ढकलावा. यामुळे दातांवरचा ताण सुटतो. आत ढकललेलाच ठेवून पाती जोडाच्या अंगाला पूर्ण दाबावी, आणि ती दाबलेली असतानाच जोड सरळ रेषेत बाहेर घ्यावा. आपण बहुधा पाती दाबताना आधीपासूनच ओढत होतात, त्यामुळे दात खाचेत रुतून बसले आणि सगळा जोर कार्डावर गेला. बोट पोहोचत नसेल तर पाती दाबण्यासाठी प्लास्टिकची चपटी पट्टी किंवा जुने एटीएम कार्ड वापरावे. स्क्रू ड्रायव्हर वापरू नये, कारण तो घसरला की बोर्डावर चरा उमटतो आणि त्या चऱ्याखाली तुटलेली तांब्याची रेषा बाहेरून दिसतही नाही.

जोड वर-खाली हलवून ढिला करण्याचा मोह होतो. जाड तारांच्या पॉवर कनेक्टरला किंचित हलवणे चालते. त्याचा खटका तराजूच्या दांडीसारखा असून मागचे टोक दाबले की पुढचा आकडा उचलला जातो. मिनी सॅसचे सॉकेट मात्र बोर्डाच्या पृष्ठभागावर बारीक डाक देऊन बसवलेले असते, आणि ते वर उचलले गेले तर डाकाखालचा तांब्याचा ठिपका बोर्डापासून सुटतो. फार वर्षांपूर्वी जळगावच्या एका संस्थेत माझ्याच हातून असे झाले होते. काम संपवून शेवटची गाडी पकडायची होती, जोड निघत नव्हता, मी तो दोनदा वर उचलून पाहिला आणि तिसऱ्या वेळी तो सॉकेटसकट हातात आला. ते कार्ड बदलेपर्यंत त्या संस्थेचे काम दोन दिवस बंद राहिले आणि तेथील कर्मचाऱ्यांनी सर्व नोंदी वहीत हाताने केल्या. तेव्हापासून गाडीची वेळ ठरलेली असेल त्या दिवशी मी झाकण उघडत नाही.

एवढे करूनही जोड न सुटल्यास दुसरे टोक पाहावे. बॅकप्लेनकडे जागा जास्त असेल तर केबल तिकडून आधी सोडवावी, म्हणजे कार्डाकडे ढील मिळतो. तेही जमले नाही तर कार्ड ज्या रायझरवर (मदरबोर्डवर उभ्या बसणाऱ्या छोट्या बोर्डावर) बसले आहे तो रायझर कार्डासह वर काढून टेबलावर घ्यावा आणि तेथे चांगल्या उजेडात पाती दाबावी. वाटेत केबल कुठे क्लिपमध्ये किंवा पंख्यांच्या चौकटीखाली दाबली गेली आहे का, हेही पाहावे. रेड कार्डाच्या बॅटरीला जाणारी दोन-चार बारीक तारांची छोटी वायर शेजारीच असते. तिच्या तारा धरून ओढल्यास त्या पिनेतून निसटतात, म्हणून तिला गरज नसताना हात लावू नये.

नवी केबल बसवण्यापूर्वी जुन्या केबलच्या चिकटपट्टीवर छापलेला भाग क्रमांक नव्याशी पडताळून पाहावा, लांबीही मोजावी. केबल तोकडी असेल तर ती जोडावर सतत ताण देते आणि फार लांब असेल तर पंख्यासमोर घडी पडते. सॉकेटमध्ये तुटक्या प्लास्टिकचा कण राहिलेला नाही ना, ते पाहून जोड सरळ आत ढकलावा. ‘टक’ असा आवाज आला पाहिजे आणि त्यानंतर जोडाचा कडक भाग धरून हलकेच ओढून पाहिल्यास तो हलता कामा नये. केबल जुन्याच वाटेने न्यावी, तिला काटकोनात मोडू नये. आवरण आणि झाकण बसवल्याशिवाय सर्व्हर चालवू नये, कारण उघड्या सर्व्हरमध्ये हवेची वाट चुकते आणि मेमरी तापते. एप्रिल-मे महिन्यांत काम करत असाल तर खोलीतला एसी रविवारीही चालू ठेवण्याची परवानगी आधी घ्यावी आणि कपाळाला सुती रुमाल बांधावा. वाकून काम करताना घामाचा थेंब बोर्डावर पडतो, हे मी एकदा नव्हे तर अनेकदा पाहिलेले आहे.

प्रश्न (धुळे) : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून महाविद्यालयाच्या सर्व्हर खोलीत मदतनीस म्हणून काम करतो. फक्त केबल काढायची असेल तरीही मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा, असे आमचे सर सांगतात. पट्टा नसेल तर चप्पल काढून उभे राहिले तर चालेल का?

उत्तर : आपल्या सरांचे म्हणणे योग्य आहे. माणसाला स्थिर विजेचा चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे, आणि काही सुटे भाग १०० व्होल्टच्या आतही बिघडू शकतात. म्हणजे आपल्याला काहीही जाणवलेले नसताना नुकसान होऊन गेलेले असते. पुष्कळदा तो भाग लगेच मरतही नाही, काही महिन्यांनी कारण नसल्यासारखा बंद पडतो, आणि त्या वेळी केबल काढल्याची आठवण कोणालाच राहिलेली नसते. खान्देशात दिवाळी सरल्यापासून मृग लागेपर्यंत हवा कोरडी असते. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर असतो आणि त्यातून भार वाहून जातो, कोरड्या हवेत तो अंगावर साठतो. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठणे किंवा हिवाळ्यात स्वेटर काढणे एवढेही त्याला पुरते. म्हणून या कामाला सुती कपडे घालून जावे.

चप्पल काढून उभे राहणे हा पट्ट्याला पर्याय नाही. कोरडी फरशी भार नीट वाहून नेत नाही, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून विजेच्या उपकरणांजवळ काम करणे जिवावर बेतू शकते. पट्ट्याच्या वायरमध्ये १ मेगाओहमचा रोधक असतो. चुकून २३० व्होल्टला स्पर्श झाला तरी त्यातून पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह जातो, म्हणून पट्टा विकतच घ्यावा, साधी तांब्याची तार मनगटाला गुंडाळू नये. पट्ट्याची क्लिप सर्व्हरच्या किंवा रॅकच्या रंग नसलेल्या धातूला लावावी. रंगावर लावलेल्या क्लिपचा उपयोग होत नाही. दोन्ही कॉर्ड काढल्यावर सर्व्हरचे अर्थिंग तुटते, म्हणून रॅकची हिरवी-पिवळी वायर इमारतीच्या अर्थिंगला खरोखर जोडलेली आहे का, हे एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. आपल्या महाविद्यालयात त्यात पाणी घालण्याचे काम कोणाकडे आहे, हे विचारून ठेवावे, कारण बऱ्याच ठिकाणी ते कोणाकडेच नसते.

नव्या केबलवरही भार साठतो. ती बसवण्याच्या क्षणापर्यंत तिच्या पिशवीतच ठेवावी, आणि सॉकेटला लावण्यापूर्वी तिच्या जोडाचे धातूचे आवरण सर्व्हरच्या उघड्या धातूला टेकवावे.

प्रश्न (चोपडा तालुका) : आमच्या जिनिंगच्या कार्यालयातल्या सर्व्हरमध्ये हंगामात कापसाचे तंतू जातात. साफ करताना आतल्या सगळ्या केबल काढून पुन्हा लावाव्यात, असा सल्ला मिळाला आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर : हा सल्ला पाळू नये. प्रत्येक जोडाचे आयुष्य मोजलेले असते. साटाच्या (डिस्क जोडण्याच्या आणखी एका प्रकाराच्या) आतल्या केबलच्या जोडाकडून मानकात ५० वेळा काढ-घाल सहन करण्याचीच अपेक्षा आहे, आणि दर महिन्याला सफाई करताना ती काढली तर चार-पाच वर्षांत ती मर्यादा गाठली जाते. शिवाय बंद जोडात तंतू शिरत नाहीत. जोड उघडला की मात्र शिरू शकतात. केबल फक्त दोन कारणांनी काढावी : ती स्वतः खराब असेल, किंवा तिच्यामुळे दुसरा भाग काढता येत नसेल.

तंतू जमतात ते समोरच्या जाळीवर, डिस्कच्या तोंडावर आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये, कारण सर्व्हरमध्ये हवा समोरून शिरून मागून बाहेर पडते. त्यांचा पाहता पाहता नमद्यासारखा थर होतो. सर्व्हर जिनिंगच्या आवाराबाहेर, बंद खोलीत नेऊन मऊ ब्रशने तो थर सुटा करावा आणि मग हवेने उडवावा. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, तिच्यात पाणी आणि तेलाचा अंश असतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते, म्हणून तोही बोर्डाजवळ नेऊ नये. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने अडवून धरावे. ते हवेच्या झोताने गरगर फिरले तर बेअरिंग खराब होते आणि मोटर उलट वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकते.

पंख्यांची चौकट परत बसवताना तिच्याखालून जाणाऱ्या केबल दाबल्या जात नाहीत ना, हे प्रत्येक बाजूने पाहावे. सफाईनंतर उद्भवणारे डिस्कचे बिघाड मी पाहिले आहेत, त्यांतले बरेच याच जागी चिमटलेल्या केबलमुळे होते. रॅकच्या दाराला पातळ स्पंज लावून तो हंगामात दर आठवड्याला धुतला तर आतली सफाई पुष्कळ कमी होते. स्पंज जाड घेतला तर मात्र हवाच अडते.

प्रश्न (भुसावळ) : केबल काढून परत लावल्यावर सर्व्हर सुरू होताना ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडल्याची सूचना येते आणि ‘इंपोर्ट’ व ‘क्लिअर’ असे दोन पर्याय दिसतात. यांतला कोणता निवडावा?

उत्तर : या क्षणी एकही निवडू नये. बटणे न दाबता सर्व्हर बंद करावा. डिस्कची रचना कशी आहे याची नोंद डिस्कवरही असते आणि कार्डाकडेही असते. केबल सैल बसली, काही डिस्क उशिरा दिसल्या, किंवा काही दिसल्याच नाहीत, की या दोन नोंदी जुळत नाहीत आणि कार्डाला त्या डिस्क परक्या वाटतात. ‘क्लिअर’ म्हणजे डिस्कवरची ती नोंद पुसणे. मजकूर तेथेच असतो, पण तो कोणत्या क्रमाने वाचायचा हे सांगणारी खूण जाते, आणि मग तो परत मिळवणे तज्ज्ञांचे, खर्चाचे व अनिश्चित काम होते.

वीज पूर्ण काढून केबलची दोन्ही टोके पुन्हा तपासावीत, ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवावीत, ‘ए’ व ‘बी’ टोकांची अदलाबदल झाली आहे का, ते फोटोशी ताडून पाहावे. मग सर्व्हर सुरू करून कार्डाच्या पडद्यावर सर्व डिस्क दिसतात का, ते मोजावे. पुष्कळदा एवढ्यानेच सूचना नाहीशी होते. सर्व डिस्क दिसत असूनही सूचना राहिली आणि बॅकअप हाताशी असला तरच ‘इंपोर्ट’ करावे. एक जरी डिस्क दिसत नसेल तर इंपोर्ट करू नये, कारण त्या वेळी कार्ड अपुऱ्या डिस्कवर रचना उभी करते आणि राहिलेली डिस्क नंतर जुनी ठरते. अशा वेळी सर्व्हर बंद ठेवून तंत्रज्ञाला बोलवावे आणि पडद्यावरच्या सूचनेचा फोटो त्याला आधीच पाठवावा, म्हणजे तो योग्य ते साहित्य घेऊन येईल.

प्रश्न (शहादा) : केबल काढताना तिचा प्लास्टिकचा खटका तुटला. केबल चालते आहे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती पक्की केली तर चालेल का?

उत्तर : गोंद लावू नये. तो पातळ असल्यामुळे जोडाच्या आत ओघळतो आणि पिनांवर कडक पापुद्रा तयार करतो, मग पुढच्या वेळी केबलबरोबर सॉकेटही जाते. अनेक वर्षे उष्णतेत राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होते, त्यामुळे आपला खटका तुटला याचा अर्थ आपण जोरच लावला असे नाही. त्याच वयाच्या शेजारच्या केबलही आता जपून हाताळाव्यात. तुटलेला तुकडा सापडला नसेल तर तो बोर्डावर किंवा पंख्यात पडलेला नाही ना, हे वीज काढून आधी शोधावे. भाग क्रमांक पाहून नवी केबल मागवावी आणि ती येईपर्यंत सर्व्हर रेलवर पुढे-मागे ओढू नये. खटका नसलेला जोड एरवी आठवडाभरही जागेवर राहील, पण सर्व्हर सरकवताना बसणाऱ्या एका हिसक्याने तो अर्धा बाहेर येतो.